तपासणीचे पैसे वेगळे

गणपतीला चार दिवस राहिले की आमच्या चिपळूणच्या गॅरेजसमोर पाय ठेवायला जागा उरत नाही. चाकरमान्यांच्या गाड्या मुंबईहून निघून परशुराम घाट उतरेपर्यंत कुठे ना कुठे कुरकुरायला लागतात, आणि इथल्या पिकअपवाल्यांचा तर तोच खरा कमाईचा आठवडा. गेल्या वर्षी अशाच एका सकाळी गुहागरकडचा एक पिकअपवाला आला. मागे ताडपत्रीखाली नारळाची पोती. संध्याकाळपर्यंत कराडच्या बाजारात पोचवायची होती. किल्ली हातात देण्याआधीच त्याने अट घातली.

"मिस्त्री, तिसरं पेडल घालायला सांगणार असाल तर मी आत्ताच निघतो."

त्याची कहाणी अशी. दोन महिन्यांपासून कुंभार्ली घाटात, पोफळीच्या वरच्या वळणांवर, गाडी एकाएकी रेस घेईनाशी व्हायची. पाय पार खाली दाबला तरी इंजिन बाराशे-पंधराशेवर घुटमळायचं आणि समोर चेक इंजिनचा पिवळा दिवा. मागून ट्रकचा हॉर्न, डाव्या हाताला दरी. गाडी कशीबशी कडेला घ्यायची, किल्ली बंद करून दोन मिनिटं थांबायचं, मग पुन्हा सगळं ठीक. एका ठिकाणी दाखवली. तिथे स्कॅनर लावला, कोड आला, एक्सिलेटर पेडल बदललं. पंधरा दिवस बरे गेले आणि दुखणं परत आलं. दुसऱ्या ठिकाणी दाखवली. पुन्हा स्कॅनर, पुन्हा तोच कोड. "पहिलं पेडल डुप्लिकेट असणार," असं म्हणून पुन्हा पेडल. दोन पेडलांचे मिळून नऊ हजार गेले, बुडालेल्या फेऱ्या वेगळ्याच.

आता कोणी म्हणेल, त्या दोघांनी लुबाडलं. मला तसं वाटत नाही. त्यांनी यंत्र लावलं, यंत्राच्या पडद्यावर पेडलचं नाव आलं, त्यांनी पेडल बदललं. मीही अनेकदा हेच केलंय. चूक त्या दोघांच्या नियतीत नव्हती. ती आपल्या सगळ्यांच्या सवयीत आहे, आणि त्या सवयीबद्दलच आज मला लिहायचं आहे.

मी ज्या वस्तादाच्या हाताखाली शिकलो त्याच्या काळात एक्सिलेटर म्हणजे एक केबल होती. पाय दाबला की तार ओढली जायची, तार पंपाचा दांडा ओढायची. तार झिजली तर दिसायची, अडकली तर तेल सोडायचं, तुटली तर सुतळी बांधून घाट चढलेले ड्रायव्हर मी पाहिले आहेत. वस्ताद लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनवर आणि मूठ कानाला लावून कुठला टॅपेट वाजतोय ते सांगायचा. बिघाड ऐकू यायचा, हाताला लागायचा.

आताच्या गाडीत पाय आणि इंजिन यांच्यामध्ये तारेची ओढ उरलेली नाही. पाय जेवढा खाली जातो तेवढा पेडलमधला सेन्सर व्होल्टेज वाढवतो, आणि ते व्होल्टेज वाचून ईसीएम, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, किती डिझेल सोडायचं ते ठरवतो. आता हे व्होल्टेज चुकलं तर? पाय वर असताना गाडी सुसाट सुटली तर? म्हणून पेडलमध्ये एक नाही, दोन सेन्सर असतात. वायरी सहा: प्रत्येक सेन्सरला पाच व्होल्टचा सप्लाय, अर्थिंग आणि सिग्नल. त्या पिकअपमध्ये पाय वर असताना पहिला सिग्नल पाऊण व्होल्टच्या आसपास होता आणि पाय पार दाबला की चारच्या जवळ जायचा. दुसरा कायम पहिल्याच्या बरोबर निम्मा. मुद्दामच निम्मा, कारण दोन्ही सारखे ठेवले आणि दोन वायरी एकमेकींना चिकटल्या तर ते कॉम्प्युटरला कळणारच नाही.

आमच्या बाजारपेठेतल्या जुन्या दुकानांत गल्ल्यावर एक जण असतो आणि वहीवर दुसरा. रात्री दुकान बंद करताना दोघांचा मेळ बसला पाहिजे. ईसीएम दर क्षणाला हा मेळ घालत असतो. मेळ बसला नाही की तो ड्रायव्हरच्या पायावरचा विश्वास काढून घेतो, इंजिन हळू चालवतो आणि एक कोड लिहून ठेवतो. पिकअपवर आला होता तो पी२१३८. त्याचा अर्थ एवढाच की दोन सिग्नलांचा मेळ बसत नाही. पेडल खराब आहे असं तो कोड कुठेही म्हणत नाही. पण मेळ बसला नाही की गल्ल्यावरच्या पोराला काढून टाकायचं, असं आपण दोनदा केलं होतं.

मी पिकअपवाल्याला म्हटलं, "दादा, काही बदलायच्या आधी मला दोन तास द्या. नारळ काय नासत नाहीत." तो बाकावर बसला. मी स्कोप काढला.

स्कोप म्हणजे ऑसिलोस्कोप. मी तो जुन्यात घेतला, अठरा हजारांना. घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "ह्या टीव्हीवर मालिका दिसतात का?" दिसते ती फक्त रेघ. आडवी बाजू वेळेची, उभी बाजू व्होल्टेजची. मीटर आकडा दाखवतो, हा त्या आकड्याचा प्रवास दाखवतो. फरक एवढाच आहे, पण सगळं काही त्या फरकात आहे.

हिशेब करून पाहा. साध्या डिजिटल मीटरचा आकडा सेकंदाला दोन-तीनदा बदलतो. स्कॅनर गाडीच्या कॉम्प्युटरला विचारून माहिती आणतो. तोही सेकंदाला काही वेळाच, आणि जे आणतो ते कॉम्प्युटरला कसं वाटलं ते. वायरीतला करंट समजा पन्नास मिलिसेकंद हुकला, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग. मीटरला त्याचा पत्ताही लागत नाही. स्कोपवर मी सेकंदाला दहा हजार ठिपके घेतले तर त्या पन्नास मिलिसेकंदांत पाचशे ठिपके पडतात. डोळ्याची पापणी लवण्याआधी घडून गेलेली गोष्ट पडद्यावर पसरून बघता येते.

किल्ली ऑन, इंजिन बंद. पेडलचा कपलर, म्हणजे वायरींचा प्लग, काढला नाही. कपलर काढून घातला की पिना घासल्या जातात, तात्पुरतं सगळं सुधारतं आणि पुरावा पुसला जातो. त्याची दोन पेडलं पंधरा-पंधरा दिवस का चालली असतील, याचं उत्तर बहुधा इथेच आहे: पेडल बदलताना कपलर आणि वायरी हलल्या, थोड्या घासल्या, आणि श्रेय नव्या पेडलला मिळालं. मी कपलरच्या मागून, वायरीच्या कडेने, बारीक टाचण्या सरकवल्या. वायर वरून टोचली नाही. कोकणात तर ती कधीच टोचू नये. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो इथे, टाचणीच्या भोकातून आत जायला पाण्याला निमंत्रण लागत नाही.

गॅरेजमधल्या पोऱ्याला पेडल सावकाश दाबायला सांगितलं. पडद्यावर दोन चढ उमटले, एक उंच, एक निम्म्या उंचीचा. पाय सोडला, दोन उतार. दहा वेळा दाबलं. ओरखडा नाही, खड्डा नाही. म्हणजे हे दुसरं पेडल उत्तम होतं. पहिलंही बहुधा उत्तमच असावं, आणि गाडीबरोबर आलेलंसुद्धा.

इथे एक गोष्ट वाचकांनी, निदान गाडी चालवणाऱ्यांनी, लक्षात ठेवण्यासारखी आहे. पेडलमधला सेन्सर जुन्या पद्धतीचा, घासत्या पट्टीचा असेल आणि ती पट्टी झिजली असेल, तर रेघेतला खड्डा पेडलच्या एका ठरावीक जागी येतो. दर वेळी पाय तिथे आला की खड्डा. गाडी उभी असो की पळती. पण खड्डा पेडलशी बांधलेला नसेल, धक्क्याशी बांधलेला असेल, तर दोष पेडलमध्ये नाही, वाटेत आहे. आणि हल्लीच्या बऱ्याच पेडलांत घासणारं काही नसतंच, लोहचुंबकावर चालणारा सेन्सर असतो. तो झिजेल कशाने?

म्हणून इंजिन सुरू केलं. पेडलवर लाकडाचा ठोकळा अडकवून पाय अर्धा दाबल्यासारखं ठेवलं आणि मी डॅशबोर्डखाली डोकं घालून वायरिंगची जाडी माळ हातभर हातभर हलवत निघालो. पोऱ्या पडद्यासमोर. "नाय काका... नाय... नाय..." माळ जिथे रबरी बुशातून इंजिनच्या बाजूला जाते तिथे मी तिला चिमटीत धरून वाकवली आणि तो ओरडला, "पडली! पडली!"

बाहेर येऊन पाहिलं. वरची रेघ जागच्या जागी शांत. खालच्या रेघेत कंगव्याचे दात. काही दात वीस मिलिसेकंदांचे, काही चांगले अर्ध्या सेकंदाचे. बारीक दातांकडे कॉम्प्युटर काणाडोळा करतो, रुंद दात आला की दिवा लावतो. आणि दात शून्यापर्यंत उतरत नव्हते, साधारण तिसऱ्या हिश्श्याने खाली येत होते. शून्यावर आले असते तर कोडच वेगळा आला असता.

मग वरच्या रेघेची टाचणी काढून त्याच दुसऱ्या सेन्सरच्या सप्लायला लावली. माळ हलवली. पाच व्होल्टची रेघ सव्वातीनवर आली, आणि सिग्नल त्याच क्षणी, त्याच प्रमाणात खाली. याचा अर्थ सेन्सर इमानदार होता. त्याला मिळणारा करंटच अपुरा होता. इंजिनच्या बाजूला ईसीएमपाशी जाऊन तोच सप्लाय मोजला तर पाच व्होल्ट ठाम. म्हणजे चोर मधल्या दोन-तीन फुटांत.

हे तंत्र मी पोरांना असं शिकवतो: सप्लाय कमजोर झाला तर रेघ खाली पडते, अर्थिंग कमजोर झालं तर रेघ वर उडते, आणि सिग्नलची वायर तुटली तर पेडलपाशी सगळं छान दिसतं पण ईसीएमपाशी पोचत नाही. तीन बिघाड, तीन चित्रं. स्कॅनर या तिन्हींना पेडलच्या नावाचाच कोड देऊ शकतो.

माळेवरची काळी टेप उसवली. बुशापासून वीतभर अंतरावर एक जोड निघाला, नुसता पिळा मारून टेप गुंडाळलेला. टेपच्या आत वाळलेल्या गाळाची लालसर पूड. तांब्याची तार हिरवी पडून भुगा झालेली, सात-आठ धागे कसेबसे धरून. तो गाळ कुठला, हे चिपळुणात कोणालाही विचारावं लागत नाही.

२२ जुलै २०२१. वाशिष्ठी आणि शिव नदी शहरात शिरली तो दिवस. बाजारपेठ, चिंचनाका, एसटी स्टँड सगळं पाण्याखाली. आगारातली रोकड वाचवायला आमचे आगारप्रमुख बुडालेल्या एसटीच्या टपावर तासन्‌तास बसून राहिले होते, ते देशभर बातम्यांत आलं. पाणी उतरल्यावर पुढचे तीन महिने शहरात गाड्यांचंच हॉस्पिटल होतं. आम्ही सीटं काढून वाळवली, ब्लोअर मारले, इंजिनांतलं पाणी उपसलं. रात्री दोन-दोनपर्यंत बॅटरीच्या उजेडात जोड मारले. पिकअपमधला तो जोड कोणी मारला मला माहीत नाही. माझ्यासारख्याच कोणीतरी, घाईत, समोर वीस गाड्या उभ्या असताना. तेव्हा गाडी सुरू होणं हेच मोठं होतं. पण पुराचं पाणी गाडीतून एका दिवसात उतरत नाही. तांब्याच्या बारीक धाग्यांमधून ते वातीतल्या तेलासारखं आत चढतं आणि प्लॅस्टिकच्या आड वर्षानुवर्षं आपलं काम करत राहतं. २०२१ चं बिल कुंभार्ली घाटात आता येतं आहे.

त्या पुराबद्दल गावात अजून वाद चालतो. कोणी म्हणतं कोळकेवाडी धरणाचं पाणी सोडलं, कोणी म्हणतं भरती होती, कोणी म्हणतं नदीत गाळ साचला, कोणी म्हणतं पाऊसच तसा झाला. माझ्या गॅरेजच्या भिंतीवर पाण्याची खूण आहे, माझ्या डोक्याच्या वर. ती खूण म्हणजे स्कॅनरचा कोड. पाणी कुठवर चढलं ते सांगते, पण कधी, किती वेगाने, कुठल्या वाटेने, यातलं काहीच सांगत नाही. त्यासाठी पावसाची, धरणाच्या विसर्गाची, भरतीची आणि नदीच्या पातळीची रेघ तासातासाने एकाच कागदावर मांडावी लागते. निळी आणि लाल पूररेषा नकाशावर आखून झाल्या, त्यावरही भांडणं झाली. पण घर-दुकान असलेल्या साध्या माणसाला नकाशावरच्या रेषेइतकीच ही वेळेची रेघ बघायला मिळायला हवी. मी इंजिनीअर नाही, पण रेघ वाचायला शिकलेला माणूस आहे, म्हणून एवढं बोलतो.

पिकअपकडे परत येतो. कुजलेला तुकडा कापला, अर्धा मीटर नवी वायर घातली, सोल्डर केली, आकसणारी नळी चढवून गरम केली, माळ बुशापासून लांब बांधली. पुन्हा स्कोप. माळ हलवली, वाकवली, बोनेटवर बुक्क्या मारल्या. दोन्ही रेघा शांत. सामानाचा खर्च शंभर रुपयांच्या आत. मी दीड हजार सांगितले.

पिकअपवाला वायरीच्या तुकड्याकडे बघत राहिला. "मिस्त्री, ह्या एवढ्याशा वायरीचे दीड हजार?"

या माणसाने दोन पेडलांचे नऊ हजार हू की चू न करता दिले होते, कारण दोन्ही वेळा त्याच्या हातात खोका आला होता. खोका हातात आला की पैसे दिल्यासारखे वाटतात. माझ्या दोन तासांचा खोका नव्हता. दोष त्याचा एकट्याचा नाही. आपल्याकडे डॉक्टर रक्त तपासायला सांगतो तेव्हा रिपोर्टचे पैसे आपण गोळ्यांच्या बिलात शोधत नाही. विहिरीला पाणी लागो न लागो, जागा बघणाऱ्याला दक्षिणा देतो. गाडीच्या बाबतीत मात्र "बघायचे कसले पैसे?" हा प्रश्न हमखास येतो.

आणि इथेच गोम आहे. बघायचे पैसे मिळत नसतील तर मिस्त्रीने पोट कशावर भरायचं? पार्टावरच्या कमिशनवर. मग दोन तास डॅशबोर्डखाली डोकं घालण्यापेक्षा पार्ट बदलून बघणं त्याला परवडतं. बसला तर बसला, नाही तर पुढचा पार्ट. "बदलून बघू" हे आमच्या धंद्यातलं सर्वांत महागडं वाक्य आहे, आणि त्याचे पैसे नेहमी गिऱ्हाईक भरतं. तपासणी फुकट मागणारं गिऱ्हाईक स्वतःच मिस्त्रीला अंदाजाकडे ढकलतं.

मी कोणी साधू नाही. स्कोप घेण्याच्या आधी एका शिक्षकांच्या कारचा एक सेन्सर मी असाच कोड वाचून बदलला होता. बिघाड तसाच राहिला. शेवटी उंदराने कुरतडलेली वायर निघाली. सेन्सरचे पैसे मी परत केले नाहीत, कारण उघडलेला पार्ट दुकानदार परत घेत नव्हता. गुरुजी काही बोलले नाहीत. पण पुन्हा गाडी घेऊन आलेही नाहीत. तो सेन्सर मनातून जाईना म्हणूनच मी स्कोपचे अठरा हजार घातले.

पार्ट बदलू नये असं मी म्हणत नाही. वॉरंटीतल्या गाडीचं अख्खं पेडल बदलणं सर्व्हिस सेंटरला सोपं पडतं, आणि त्यात गिऱ्हाइकाचं नुकसानही नाही. पण आमच्या रस्त्यावर धावणाऱ्या गाड्या आठ-दहा वर्षांच्या, खाऱ्या वाऱ्यातल्या, पुरातून निघालेल्या. त्यांच्या पार्टांआधी त्यांच्या वायरी म्हाताऱ्या होतात. आणि प्रत्येक कामाला स्कोपच लागतो असंही नाही. आधी डोळे, मग टेस्ट लॅम्प, मग मीटर. बिघाड येऊन-जाऊन असेल, पकडायला गेलं की लपत असेल, तेव्हा स्कोप.

निदानाची किंमत मोठ्या माणसांनाही मोजावी लागते. अमेरिकेत टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारी झाल्या, तेव्हा तिथल्या सरकारने नासाच्या इंजिनीअरांना कामाला लावलं. फेब्रुवारी २०११ मध्ये अहवाल आला. गाड्या सुसाट सुटण्यामागे इलेक्ट्रॉनिक दोष त्यांना सापडला नाही. पण तपासलेल्या एका बिघडलेल्या पेडलच्या आत कथिलाचा केसाहून बारीक तंतू उगवलेला सापडला, पेडलच्या दोन सिग्नलांना जोडणारा. अंतराळात यान पाठवणाऱ्यांनासुद्धा पेडल उघडून आत बघावं लागलं. मग आम्ही कोण?

आता मागणं. मागणं तिघांकडे आहे.

पहिलं कंपन्या आणि सरकारकडे. वायरिंगचा नकाशा हातात नसेल तर स्कोप असून नसल्यासारखा. कुठल्या पिनेवर काय यायला हवं हे कळल्याशिवाय रेघ चांगली की वाईट कसं ठरवणार? हे नकाशे आम्हाला व्हॉट्सअपवर कोणीतरी काढलेल्या अंधुक फोटोंतून मिळतात, आणि पुष्कळदा भलत्याच मॉडेलचे निघतात. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता, तो याचसाठी: सुटे भाग, तपासणीची यंत्रं आणि तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत म्हणून. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या अधिकारासाठी समिती नेमली, त्यात वाहनंही होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पोर्टलही निघालं. पण पोर्टल निघणं वेगळं आणि कायद्याने नकाशा हातात पडणं वेगळं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने असा कायदा २०१२ मध्येच केला. आपल्याला तो करायला काय हरकत आहे? नकाशा फुकट नको, वाजवी किमतीला द्या.

दुसरं मागणं कौशल्य विकास खात्याकडे. माझ्याकडे आयटीआय करून आलेली पोरं येतात. हुशार असतात. स्कोप वापरलाय का विचारलं तर बहुतेकांनी तो चित्रात पाहिलेला असतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले. आता साध्या स्कूटरलाही फ्युएल इंजेक्शन आणि सेन्सर असतात. दोन वर्षांच्या कोर्सात पान्याइतकाच स्कोप पोरांच्या हातात खेळला पाहिजे. आणि संध्याकाळी वर्कशॉप रिकामं असतं तेव्हा आमच्यासारख्या पांढऱ्या केसांच्या मिस्त्र्यांसाठी महिन्याचा वर्ग ठेवा. खेर्डी-लोट्याच्या कारखान्यांत रोज स्कोप हाताळणारे लोक आहेत, शिकवायला माणूस गावातच मिळेल. फी आम्ही भरू.

तिसरं मागणं तुमच्याकडे, गाडीच्या मालकाकडे. गाडी टाकताना "काय बदलावं लागेल?" असं विचारू नका. "कशावरून?" असं विचारा. मिस्त्रीने आकडा दाखवावा, रेघ दाखवावी, कुजलेली वायर दाखवावी. दाखवता येत नसेल तर पार्ट मागवू देऊ नका. आणि दाखवली तर दाखवण्याचे पैसे द्या, बिघाड दहा रुपयांचा निघाला तरी. दहा रुपयांचा निघाला, हेच तर त्या पैशांचं मोल.

पिकअपवाल्याने त्या दिवशी हजार दिले आणि पाचशे नंतर देतो म्हणाला. दुपारी नारळ घेऊन निघाला, रात्री कराडहून भाजी भरून उतरला, आणि पहाटे बंद शटरखालून पाचशेची नोट आत सरकवून गेला. दिवाळीनंतर मी गॅरेजवर पाटी लावली: "तपासणीचे पैसे वेगळे." पहिल्या महिन्यात चार गिऱ्हाइकं पाटी वाचून परत गेली. त्यातली दोन मागाहून आली.

मध्यंतरी तोच पिकअपवाला आपल्या एका दोस्ताला घेऊन आला. दोस्ताची गाडी सकाळी सुरू व्हायला कुरकुरत होती. तो आल्या आल्याच म्हणाला, "मिस्त्री, बॅटरी टाका नवी." मी काही बोलण्याआधी पिकअपवाल्याने त्याला थांबवलं आणि बोनेटवरच्या धुळीत बोटाने दोन रेघा ओढल्या, एक चांगली चढणारी, दुसरी तिच्या निम्मी.

"आधी ह्यांचा मेळ बसतो काय ते बघू दे त्यांना," तो म्हणाला.

बॅटरीशी त्या रेघांचा काडीचा संबंध नव्हता. मी मुकाट्याने मीटर आणायला आत गेलो.